नमुना क्रमांक सात

अकरा मीटर खोलातून काढलेली ही माती
राखाडी आहे, गुळगुळीत, आणि दिसायला शहाणी.
रबराच्या पिशवीत घालून, काचेच्या नळकांड्यात पाण्यात उभी करून
मी तिच्या डोक्यावर वजन ठेवलं
आणि लिहिलं : चार फेब्रुवारी, त्रोन्हाइम, तळघर.

पहिल्या तासात ती दबली, जशी कुणीही दबेल.
दुसऱ्या दिवशी कमी.
आठवड्याभरात काटा इतका हळू झाला
की मी बघत असताना कधी हललाच नाही,
आणि जेवून आलो की हललेला असायचा.

ओडलाउग आली ती गोठ्यातल्या बुटांनीच.
अठरा गाईंच्या तीस करायच्या आहेत,
ओढ्याकाठी भराव घालून झालाय,
आता फक्त आमची सही हवी.
काचेला नाक लावून तिनं विचारलं, "थांबली ना?"
"थांबली नाही. हळू झालीय."
"म्हणजे थांबेलच की."

यावर माझ्याकडे एक आलेख होता. तो दाखवला नाही.
तिच्याच मातीचा उरलेला तुकडा वाटीत घेतला
आणि चमच्यानं घोटला. पाणी थेंबभरही घातलं नाही.
अर्ध्या मिनिटापूर्वी त्यावर भरली किटली ठेवता आली असती,
आता तो ताकासारखा काठावरून ओघळला.
मग मी डब्यातलं मीठ काढलं,
माझ्या उकडलेल्या अंड्यासाठीचं,
चिमूटभर टाकलं, ढवळलं.
चमचा उभा राहिला.

ही माती समुद्रात बसली, हिमनद्या वितळत होत्या तेव्हा,
कणाला कण कसाही टेकून, पत्त्यांच्या बंगल्यासारखी,
आणि पोकळ्यांत खारं पाणी.
पुढे जमीन वर आली.
हजारो वर्षं पाऊस, बर्फ, झरे, सगळं गोडं,
मीठ तेवढं घेऊन गेले, बंगला तसाच ठेवून.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हिच्या अंगात मीठच उरलं नाही,
ही कशाला जागणार?

"सगळ्या उताराला किती लागेल?" ओडलाउगनं विचारलं.
अंडं गुंडाळलेल्या कागदावर मी गुणाकार मांडला.
आकडा ऐकून ती हसली,
आणि मग सांगायला लागली, आपणहून :
की कुंपणाचे खांब ओढ्याकडे वाकून काहीतरी ऐकतायत असे दिसतात,
की फरची झाडं बुडाशी विळ्यासारखी वळून मग सरळ होतात,
की तव्यातलं धिरडं खिडकीच्या बाजूला जाड होतं,
आणि स्वयंपाकघराचं दार दर हिवाळ्यात चौकटीत अडकतं.
नवऱ्याला वाटायचं, लाकूड फुगतं.
तो वारला, दार फुगतंच आहे.

एक्केचाळिसाव्या रात्री काट्याचं हळू होणं संपलं.
एक नंतर दोन, दोन नंतर दोन, मग तीन.
पहाटे, पहिल्यांदाच, मी बघत असताना तो हलला.
सातच्या आत नमुना तिरका चिरला गेला,
वरचा भाग खालच्यावरून घसरून बसला.
वजन तेच होतं.
एक ग्रॅमही वाढवलेलं नव्हतं.

मी फोन केला. ती धार काढत होती, बादलीचा आवाज येत होता.
"कधी?" तिनं विचारलं.
मी म्हणालो, नळकांड्यातलं सांगता येतं, टेकडीचं नाही.
दहा वर्षं, किंवा कुणी चुकून खणलं तर उद्या दुपारी.
"तुमचं शिक्षण किती वर्षांचं?" तिनं विचारलं,
रागानं नाही.

एप्रिलात भराव परत निघाला, एकेक ट्रक.
अठराच्या अठराच राहिल्या.

सहा वर्षं झाली. उतार जागेवर आहे, म्हणजे
जिथे होता त्याच्या जरा खाली.
दर शरदात ओडलाउग दाराची कड रंध्यानं तासते
आणि निघालेली सालपट पाकिटात घालून मला पाठवते, चिठ्ठीशिवाय.
मी ती मोजतो. वहीत त्यासाठी एक पान आहे.
दरवर्षी एक, कांद्याच्या पापुद्र्याएवढी.

आज पाकीट आलं.
आत दोन होत्या.